भिडूचा पेपर

"काहीतरी केलंच असेल हो त्याने. उगाच कोण कशाला कुणाचं नाव घेईल?" बायको म्हणाली आणि मटारची पुढची शेंग तिने अंगठ्याने उभी फोडली. ती बोलली टीव्हीतल्या मास्तराबद्दल. मालिकेतला तो मास्तर कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून चष्मा पुसत होता आणि मागे व्हायोलिन गळा काढून रडत होतं. वर्गातल्या एका पोराला त्याने जिन्यावरून ढकललं, असा आळ त्याच्यावर आला होता. खरं काय ते अजून कुणालाच कळलेलं नव्हतं. मालिकावाल्यांनी ते शिताफीने झाकून ठेवलं होतं. सून सोफ्याच्या हातावर टेकली होती. ती म्हणाली, "आई, तुम्ही पण ना! किती साधा आहे तो बिचारा." त्यावर बायको म्हणाली, "साधीच माणसं करतात. माहीत आहे मला." आणि हसली. सर चहाचा कप तोंडाशी नेत होते तो तसाच राहिला. मग त्यांनी तो बशीत नीट ठेवला आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, "आवाज कमी करा जरा."

आता ह्यात मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? घरोघरी माणसं टीव्हीपुढे बसून वाटेल ते बोलतात, न पाहिलेल्या माणसांना शिव्या घालतात, खोट्या लग्नांत खरे डोळे पुसतात आणि कुकरची शिट्टी झाली की सगळं विसरून उठतात. सरांनी स्वतःला असं समजावून पाहिलं. पण "माहीत आहे मला" हे शब्द काही केल्या खाली उतरेनात. कारण ह्याच बाईच्या नवऱ्याचं नावही कुणीतरी एकदा घेतलं होतं, आणि ते उगाच घेतलं होतं. त्या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली होती की सुनेला तिचा पत्ताही नव्हता, मुलाला अर्धवट ठाऊक होती, आणि खुद्द सरांना ती आठवायची म्हटली तर आधी बाकीचं बरंच आठवावं लागे. ते आधीचं इतकं गोड होतं की पुष्कळदा ते तिथेच रेंगाळत आणि पुढच्या कडू भागापर्यंत पोचतच नसत.

सर भूगोल शिकवत. नकाशांची खोली जिन्याखाली होती आणि तिची किल्ली त्यांच्याकडे असे. नकाशे मेणकापडाचे, लाकडी दांड्यांना गुंडाळलेले. उलगडले की त्यांतून जुन्या छत्रीचा वास यायचा. अजूनही कपाट आवरताना मध्येच तसा वास आला की सर थबकत, आणि हातातला शर्ट हातातच राहून त्यांना ती खोली दिसे, तिचा एकच बारका झरोका, त्यातून आत आलेली खडूची धूळ आणि बाहेर जिन्यावरून धडधडत जाणारी शेकडो पावलं. पोरं त्यांना होकायंत्र म्हणत. वर्गात आधी सरांचं नाक यायचं आणि मग सर, असं त्यांचं म्हणणं. सरांना हे ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. खडू न उचलता ते फळ्यावर एका रेघेत अख्खा खंड काढत, आणि रेघ जिथून निघाली तिथे बरोबर येऊन मिळाली की शेवटच्या बाकावरचे उनाड लोक "आहाऽ" करत. त्या "आहाऽ"साठी सर रविवारी घरी जमिनीवर सराव करत असत, हे त्या उनाडांना कधी कळलं नाही. बायको मागून फरशी पुसत यायची आणि म्हणायची, "आज कुठला देश बुडवू?"

आणि तो भिडू. बोर्डाचा पेपर काढणारा माणूस कोण, हे कुणालाच कळत नसे. कळू नये अशीच सगळी व्यवस्था होती. पण सर जुने पेपर पुन्हा पुन्हा वाचत, लोक कादंबरी वाचतात तसे, आणि वाचता वाचता त्यांना त्या माणसाची ओळख पटत गेली होती. त्याला नद्यांचं वेड. डोंगर विचारावे लागतात म्हणून तो विचारी, नदीचा प्रश्न मात्र चवीने विचारी. वाऱ्यांना लागोपाठच्या वर्षी हात लावत नसे. खनिजांचा त्याला मनस्वी कंटाळा. थंड प्रदेशांबद्दल त्याचे प्रश्न नेहमी जरा खवचट असत, त्यावरून ह्याला सर्दीचा त्रास असणार अशी सरांची खात्री होती. त्याचं नाव त्यांनी भिडू ठेवलं होतं. परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला वर्गाचं दार लावून घ्यायचं, तेवढीच गंमत, आणि विचारायचं, "बोला, आपला भिडू यंदा कुठली चाल खेळणार?" पोरं ओरडत, भांडत, आणि मग सर फळ्याच्या कोपऱ्यात आपला अंदाज लिहीत. पेपर सुटला की पोरं फाटकातून धावत यायची. "सर, निम्मे आले!" "सर, भिडू ह्या वेळी फसवून गेला!" घामेजलेली तोंडं, शाईने माखलेली बोटं आणि सरांच्या भोवती गराडा. जगात आपली कुणीतरी वाट बघतंय असं सरांना वर्षातून त्या एकाच दुपारी वाटायचं, पण ते वर्षभर पुरायचं.

त्या वर्षीची तुकडी कच्ची होती. नकाशात समुद्र कुठला आणि जमीन कुठली हेही त्यातल्या काहींना रंगावरून कळायचं. सरांना झोप लागत नसे, जेवताना ते घास हातात धरून म्हणत, "ही पोरं कशी तरणार गं?" एका शनिवारी संध्याकाळी कुणाला न सांगता ते कालव्यावर गेले. काठाकाठाने चालत राहिले, चिखलातून, अंधार पडेपर्यंत, आणि चालता चालता त्यांना भिडू असा स्वच्छ दिसला की ते मोठ्याने हसले. उथळ बंदर. तो ह्या वेळी उथळ बंदर विचारणार. शेवटच्या तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि परीक्षेत सगळंच्या सगळं आलं. नदी आली, नकाशा आला, आणि बंदर असूनही त्या गावाचा व्यापार का वाढला नाही, हा आडवळणाचा प्रश्नसुद्धा जसाच्या तसा आला. पोरांनी सरांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. ती दुपार सरांच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची दुपार असावी. संध्याकाळपर्यंत शेजारच्या गल्लीतल्या खासगी क्लासवाल्याने तक्रार ठोकली होती.

प्रश्नपत्रिकांची पाकिटं नेमकी त्याच शनिवारी शाळेत आली होती आणि हेडमास्तरांच्या कपाटात होती. शिपायाने त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर दिवा पाहिला होता, किंवा पाहिल्यासारखं त्याला वाटलं होतं. बस्स, एवढंच. सर निलंबित झाले. स्टाफरूममधला त्यांचा कप कुणीतरी उचलून खिडकीत ठेवला. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं कौतुक केलं, ते समोरून आले की बुटाची नाडी बांधायला खाली वाकू लागले. चौकशीत सरांनी जे होतं ते सांगितलं: शाळेत गेलो नव्हतो, कालव्यावर फिरायला गेलो होतो. बायकोलाही आत बोलावलं. ती बाहेर आली, पदराने कपाळ टिपलं आणि म्हणाली, "झालं. चला घरी." पुढे काही महिन्यांनी कळलं की आरोपात तथ्य आढळलं नाही. सर पुन्हा वर्गावर गेले आणि तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत दरवर्षी पोरांना सांगत आले की माणूस खरा असेल तर त्याला हातपाय मारावे लागत नाहीत, खरं आपोआप वर येतं. ह्या एका वाक्यावर त्यांनी बाकीचं आयुष्य उभं केलं होतं. अंदाज मात्र त्यांनी सोडले ते कायमचे. छत्री घेऊ का, असं घरात कुणी विचारलं तरी ते म्हणत, "बघा बुवा, मी काय सांगू?"

आणि बायकोशी ह्या विषयावर एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं. "मी केलेलं नाही" हे आईला सांगितलं, मेव्हण्याला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. बायकोला सांगायचं कधी मनात आलं नाही. आपल्याच उजव्या हाताला कोण सांगतो? ती त्या दिवसांत वाघिणीसारखी वागली होती. शेजारणीच्या तोंडावर दार आपटलं होतं, स्वतःच्या सख्ख्या भावाला "निघा" म्हटलं होतं. ती माझ्या बाजूला आहे म्हणजे तिला खात्री आहे, असा हिशेब सरांनी तेव्हा मांडला आणि तो पुन्हा कधी तपासला नाही. आता सकाळ झाली, दाढी झाली, वर्तमानपत्र उलटं-सुलटं वाचून झालं, तरी तो हिशेब डोक्यात भणभणत होता. सरांना राग आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि त्यांतलं जास्त काय हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

बायको आतल्या खोलीत उशांना अभ्रे घालत होती. सर दारात उभे राहिले. "काल तू म्हणालीस ना, काहीतरी केलंच असेल म्हणून?"

"कोणी?"

"त्या मास्तराने."

"हां. मग?" उशीचं टोक तिने हनुवटीखाली धरलं होतं.

"माझ्या वेळीही तुला तसंच वाटलं होतं?"

"आता हे कुठलं उकरून काढताय सकाळी सकाळी?"

"सांग ना."

"त्यात वाटायचं काय? मला माहीतच होतं की." उशी अभ्र्यात बसली. तिने ती दोन्ही बाजूंनी थोपटली. "पोरांसाठी केलंत हो तुम्ही. स्वतःसाठी थोडंच? झोप उडाली होती तुमची त्या पोरांपायी. त्या शनिवारी चिखलाने बरबटलेले बूट घेऊन आलात आणि एकटेच हसत होतात. मी तेव्हाच ओळखलं. म्हटलं, शाळेच्या मागच्या चिखलातून गेला हा माणूस कपाटापर्यंत. म्हणून तर सांगितलं मी त्या साहेबांना."

"काय सांगितलंस?"

"की मी तुमच्याबरोबर होते. कालव्यावर." आणि मग ती पलंगाच्या कडेला बसून सांगत गेली, एखाद्या सहलीबद्दल सांगावं तशी. दोघं पुलाच्या कठड्यावर बसलो होतो, असं तिने सांगितलं. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते तुम्ही मला समजावलंत. येताना माझी चप्पल तुटली, तुम्ही रुमालाने बांधून दिलीत. साहेबांनी विचारलं, कुठल्या पायाची? मी म्हटलं डाव्या. साहेब हसले आणि म्हणाले, बाई, जा तुम्ही. "त्याआधी आठवडाभर घोकत होते हो मी. भाकरी भाजताना, भांडी घासताना. इतकं घोकलं, इतकं घोकलं, की आता कधीकधी मलाच वाटतं, झालं असावं तसं. रुमाल निळा होता."

सर तिच्या शेजारी बसले. खरं आपोआप वर आलं नव्हतं तर. खरं तिथेच कालव्याच्या गाळात पडून राहिलं होतं आणि एका न तुटलेल्या चपलेने त्यांना वाचवलं होतं. इतकी वर्षं ज्या वाक्यावर ते ताठ मानेने चालले, ते वाक्य हिने भाकरी भाजता भाजता तव्यावर रचलं होतं. आणि ज्या एका माणसाने आपल्याला ओळखलं असं ते धरून चालले होते, त्या माणसाने त्यांना चोर समजून त्यांच्याबरोबर संसार केला होता. आजारपणं काढली, मुलाचं लग्न केलं, त्यांच्या ताटात आधी वाढलं. प्रेम केलं, ह्यातही शंका नव्हती. ह्याचं काय करायचं ते सरांना कळेना. अपमान म्हणावा तर तो कुणी इतक्या मायेने करत नाही.

"मी पेपर पाहिला नव्हता," ते म्हणाले. "शाळेत गेलोच नव्हतो. खरंच कालव्यावर होतो."

"बरं," ती म्हणाली. तापाने बडबडणाऱ्या माणसाला म्हणतात तसं.

"बरं नव्हे! मी काढला होता अंदाज."

"सगळेच्या सगळे प्रश्न?"

"सगळेच्या सगळे."

"आणि मग परत वर्गावर गेल्यावर अंदाज सोडलेत कशाला? मला वाटलं, मनाला लागलंय. पश्चात्ताप झालाय. म्हणून मीही कधी विषय काढला नाही, उगाच जखमेवर बोट कशाला."

मग सरांनी तिला भिडू समजावून सांगितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याचं नद्यांचं वेड, खनिजांचा कंटाळा, सर्दी, सगळं. हातवारे करत, उठून, येरझाऱ्या घालत, जणू समोर पन्नास पोरं बसली होती. कागदावरचे प्रश्न वाचून प्रश्न काढणारा माणूस कसा ओळखायचा, आणि माणूस ओळखला की त्याचा पुढचा प्रश्न कसा ऐकू येतो. बायको हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. तिला ते पटलं असं तिच्या तोंडावर कुठे दिसेना, पण नवरा किती दिवसांनी असा पेटून बोलतोय ह्याचं कौतुक मात्र दिसत होतं. सरांना तेच नको होतं. शेवटी ती म्हणाली, "असं आहे तर मग सांगा. आज संध्याकाळी त्या मास्तराचं काय होणार? ही मालिकासुद्धा कुणीतरी लिहिलेलीच आहे ना? ओळखा त्या माणसाला."

अंदाज तर सरांनी कायमचे सोडले होते. पण ही दुसरी चौकशी होती आणि ह्या वेळी साहेब घरचा होता. इथे हरले तर वर दाद मागायला जागा नव्हती. ते डोळे मिटून बसले. महिनाभराचे भाग त्यांनी मनात उलटले. लिहिणारा त्या पोराचे हात वारंवार दाखवतो, थरथरणारे. पोराची आई खिडकीशी उभी राहते आणि बोलत नाही. मास्तराला तो एकदाही चिडू देत नाही. "आज कोर्टात पोरगं खरं बोलेल," सर म्हणाले. "रडेल आणि सांगेल, मी स्वतःच पडलो. मास्तर सुटेल."

"नक्की?"

"नक्की."

दुपार मोठी विचित्र गेली. सर बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होते आणि मध्येच ती थांबत होती. त्यांना वर्ग आठवत होता, दार लावल्यावर होणारी कुजबूज आठवत होती, कोपऱ्यात लिहिताना खडूचा होणारा कर्रर्र आवाज दातांत जाणवत होता. जेवणानंतर सून कॉम्प्युटरवरचं काम थांबवून बाहेर आली, मोबाईल पुढे करत. "बाबा, आजचा भाग आत्ताच आलाय ह्याच्यावर. टीव्हीवर लागायच्या आधी इथे येतो. दाखवू? आईंना नाही सांगणार मी." सरांनी हात मागे घेतले. "छे छे! बंद कर ते," ते म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने, आणि ती गेल्यावर उगाचच दरवाजाकडे बघत बसले.

संध्याकाळी तिघं टीव्हीपुढे बसली. आज मटार नव्हते, बायकोचे हात रिकामे मांडीवर होते. कोर्ट भरलं. पोराला पिंजऱ्यात उभं केलं. त्याचे हात थरथरत होते आणि सर पुढे सरकून बसले. आई खिडकीशी नव्हती, समोरच होती. वकिलाने विचारलं, तुला कोणी ढकललं? पोराने आईकडे पाहिलं, मास्तराकडे पाहिलं. सर ओठांतल्या ओठांत म्हणाले, "बोल बाळ, बोल." पोरगं म्हणालं, "ह्यांनीच." मग व्हायोलिन, मग मास्तराचा चष्मा, मग निकाल. मास्तराला शिक्षा झाली. तो मान खाली घालून पोलिसांबरोबर चालू लागला आणि साबणाची जाहिरात लागली.

"अरे देवा!" सून म्हणाली. तिने दोघांकडे पाहिलं, काय समजायचं ते समजली की नाही कुणास ठाऊक, पण भाजी बघते म्हणून उठून गेली. सर जाहिरात बघत राहिले. ते चुकले होते. त्यांनी लिहिणाऱ्याला ओळखलंच नव्हतं, आपल्याला काय हवं तेवढंच त्यांना ऐकू आलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगायचं? इतकी वर्षं कुणी विचारलं नाही तोवर निदान ते निर्दोष होते.

"चुकलात," बायको म्हणाली.

"हो."

"साफ चुकलात."

"हो गं. कळलं."

"दुपारी तिने मोबाईल पुढे केला होता ना?" सरांनी मान वळवली. बायकोचे डोळे गच्च भरले होते आणि ती हसायचा प्रयत्न करत होती. "मीच सांगितलं होतं तिला, दाखव म्हणून. आत दाराआड उभी होते मी. हातात पेपर आणून दिला होता तुमच्या. बघितला असता तर पैकीच्या पैकी पडले असते." तिने पदराने नाक पुसलं. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही खरंच कालव्यावर होतात? एकटेच?"

"एकटाच."

"अंधार पडेपर्यंत?"

"हो."

मग तिने त्यांचा हात ओढून घेतला आणि रागानेच म्हणाली, "हाक तरी मारायचीत जाताना. मी आले असते."